कंसातलं वाक्य

पत्र (जागेसाठी थोडं कापून)

ताई, स.न.वि.वि.

वय ७२, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. नातू तेराचा आहे, डावखुरा, क्रिकेट खेळतो. आजोबा आहे म्हणून म्हणत नाही, पण बरा खेळतो. त्याच्या अकॅडमीने कळवलं आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडच्या तीन आठवड्यांच्या शिबिरासाठी त्याची निवड झाली. खर्च तीन लाख ऐंशी हजार. मुलाचा पगार बेताचा, त्यात फ्लॅटचे हप्ते. माझी चार लाखांची एफडी आहे, ती मोडा असं मुलगा म्हणाला. मी नाही म्हटलं.

गेल्या रविवारी टीव्हीवर 'फेरारी की सवारी' लागला होता. सगळे एकत्र बसून पाहत होतो. शेवटाकडे सूनबाई डोळे पुसत होती, मुलगाही पुसत होता. मग एकेकाने माझ्याकडे पाहिलं. त्या सिनेमातला खडूस म्हातारा मी आहे हे कोणी न बोलता ठरून गेलं. तेव्हापासून मुलगा कामापुरतं बोलतो.

खरं सांगू का, मीही खेळायचो. १९७३ साली संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, संघात नाव आलं होतं. त्याच महिन्यात वडील गेले. मिलमध्ये होते ते. मी थोरला, मागे दोन भाऊ, एक बहीण. नोकरी धरली, बॅट ठेवून दिली. भाऊ शिकले, एक पुण्यात आहे, एक अमेरिकेत. बहिणीचं लग्न करून दिलं. पन्नास वर्षांत एकानेही विचारलं नाही की दादा, तू खेळायचास ना? मीही बोललो नाही. बॅट अजून माळ्यावर आहे.

एफडी घरच्या अडीनडीसाठी ठेवली होती (सौ.चे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत, डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं, तिला सत्तर पूर्ण झाली, पण ती म्हणते माझं अजून एक वर्ष निभेल, पोराचं होऊ दे). नातवाच्या स्वप्नाच्या आड येणारा मी दुष्ट माणूस आहे का? एवढंच सांगा.

— एक आजोबा

उत्तर

दादा,

तुम्ही मला ताई लिहिलंत म्हणून मी दादा म्हणते. तुम्ही दुष्ट नाही. हे पहिल्या ओळीतच सांगून मोकळी होते, कारण तुम्ही एवढंच विचारलंत. पण एवढंच हवं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. तुम्ही पाठपोट पाच पानं लिहिलीत, तेव्हा आता बाकीचंही ऐकावं लागेल.

आधी सिनेमाचं उरकू, कारण तुमच्या घरात सध्या तोच मधोमध बसला आहे. २०१२ साली आला तेव्हा मी तो थेटरात पाहिला होता. तुमचं पत्र आल्यावर परत पाहिला आणि दुसऱ्यांदाही रडले, हे कबूल. राजेश मापुस्करांचा तो दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. मुंबईतलं पारशी घर, बाप रुस्तम आरटीओत कारकून, इतका सरळ की चुकून सिग्नल तोडला तर दंड भरायला स्वतःच पोलिसाला शोधत जातो. पोराला लॉर्ड्सच्या शिबिराला जायचं असतं, दीड लाख हवे असतात, आणि हाच सरळ माणूस सचिनची फेरारी मालकाला न विचारता एका लग्नासाठी घेऊन जातो. (त्या खऱ्या फेरारीची गंमत तुम्हाला आठवत असेल. २००३ साली तिच्यावरचं आयातशुल्क माफ करण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आणि शेवटी पैसे कंपनीने भरले. त्या गाडीचं नशीबच असं दिसतं की खर्च कोणी करायचा यावरून कायम भांडण.)

आता त्यातला म्हातारा. बोमन इराणींचा देबू. खेळाडू होता, जवळच्या मित्राने दगा दिला, संधी गेली, तेव्हापासून घरात क्रिकेटचं नाव काढायचं नाही. तुमच्या घरच्यांनी तुमच्याकडे पाहिलं ते याच्यामुळे. पण त्यांनी सिनेमा नीट पाहिलेला नाही. देबू शेवटी बदलतो, तेव्हा तो काही एफडी मोडत नाही; त्याच्याजवळ मोडायला काही नसतंच. ज्याने दगा दिला त्याच धर्माधिकारीच्या दारात तो नातवासाठी जातो. त्याच्याकडे होता तो एवढा एक ताठा, तोच त्याने खर्चला. तुमच्याकडे मात्र सगळे पासबुकाकडे बघून बसले आहेत.

आणखी एक. परत पाहताना माझ्या ध्यानात आलं की त्या घरात बाईच नाही. पोराची आई वारलेली आहे. आजोबा, बाप, नातू, तिघे पुरुष एका घरात, आणि तिघांचा त्याग अगदी स्वच्छ दिसतो, कारण पडद्यावर दुसरं कोणी उभंच नाही. आपल्या घरांत तसं नसतं. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या दारात एक जण उभी असते आणि पहिला हप्ता तिच्याकडूनच कापला जातो. तो कोणी मोजतसुद्धा नाही.

तुमच्या पत्रात वहिनी दोनदा येतात का, हे मी मुद्दाम मोजलं. एकदाच येतात. तेही कंसात.

पाच पानांत वडिलांचं जाणं आहे, भावांची शिक्षणं आहेत, माळ्यावरची बॅट आहे, सूनबाईचा रुमाल आहे. आणि जिचे दोन्ही गुडघे गेलेत, जिला डॉक्टरांनी वर्षापूर्वी ऑपरेशन सांगितलंय, ती दोन काळ्या रेघांमध्ये बसवून ठेवलीत. 'पोराचं होऊ दे' असं ती म्हणाली आणि तुम्ही ते लिहून पुढे गेलात. तुम्हाला पन्नास वर्षं हेच सलतंय ना, की तुम्ही सोडलंत आणि कोणी विचारलं नाही? भाऊ समोर जेवत होते, शिकत होते, आणि एकालाही वाटलं नाही की दादाला विचारावं. वहिनींना कोणी विचारलं? तुम्ही तरी?

रागावू नका. मी तुम्हाला झोडपायला बसलेली नाही. मीही तेच करते. माझ्या घरात जी व्यक्ती कधी कुरकुरत नाही तिचं आजारपण मला सगळ्यात शेवटी कळतं. पण तुमचं नाही म्हणणं वहिनींच्या गुडघ्यांसाठी आहे असं मला पत्र वाचून वाटलं नाही. तसं असतं तर तुम्ही मुलाला त्याच रात्री ठणकावलं असतं, की हे पैसे तुझ्या आईच्या पायांचे आहेत. ते एक वाक्य पुरलं असतं. सिनेमा लागला असता तरी कोणी तुमच्याकडे पाहिलं नसतं. तुम्ही ते बोलला नाहीत, कारण नाही म्हणण्याचं कारण दुसरं आहे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे.

एक प्रयोग करून पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. त्याला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. तुम्ही बाहत्तरचे, वहिनींना सत्तर पूर्ण. दोघंही बसता. सरकारी पेन्शनरांना दुसरी एखादी वैद्यकीय योजना लागू असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते, तेवढं तपासून घ्या. गुडघेबदल त्या योजनेच्या यादीत आहे, पण शहरातल्या कोणत्या दवाखान्यात ते कार्डावर करतात, सरकारीतच की खासगीतही, हे आधी जाऊन विचारायचं. फोनवर 'होतं ना, या' म्हणतात आणि काउंटरवर वेगळंच निघतं. शिवाय २०१७ साली सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे पदरचे पैसे घालायची वेळ आली तरी तुमच्या शेजारच्या कोणी दहा-बारा वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बसू नका.

समजा, कार्डावर झालं. वहिनींचे गुडघे मोफत बदलून मिळाले. चार लाख तसेच बँकेत आहेत. आता मोडाल का एफडी?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. हात आखडतो ना अजून? मला वाटलंच. जो हात आखडतो तो हेडक्लार्कचा नाही, १९७३ सालच्या वीस वर्षांच्या पोराचा आहे. त्याला असं वाटतंय की मला बापाच्या तेराव्यानंतर बॅट गुंडाळून ठेवावी लागली, आणि याला विमानाने इंग्लंडला? हे वाटण्यात काही पाप नाही. भुकेल्या माणसाला दुसऱ्याचं भरलं ताट पाहून जे वाटतं तेच हे आहे, मग तो दुसरा स्वतःचा नातू का असेना. फक्त हे वाटणं बिनपत्त्याचं घरात फिरू देऊ नका. ते आधी पैशाचं कपडं घालून येतं, मग तब्येतीचं, मग 'आजकालच्या पोरांना किंमत नाही'चं.

आमच्या आत्याबाई होत्या. लग्न केलं नाही, आम्हा पाच भाचरांना वाढवलं, माझी फीसुद्धा त्यांनी भरली. दर दिवाळीला करंज्यांना मुरड घालता घालता त्या सगळा हिशेब सांगायच्या. कोणतं स्थळ नाकारलं, कोणत्या वर्षी गावी बदली घेतली नाही, कोणाच्या गोवरात किती रात्री जागल्या. सांगत होत्या त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. त्यांच्याइतकी सुबक मुरड आमच्या घरात परत कोणाला जमली नाही, आणि तरी आम्ही पोरं त्या करंज्या खाली मान घालून गिळायचो. तुम्ही आत्याबाईंच्या उलट टोकाला बसला आहात. त्यांनी रोज बिल दाखवलं, तुम्ही एकदाही दाखवलं नाहीत. पण बिल दोघांनीही फाडलं नाही. आत्ता ते तुमच्या नातवाच्या नावावर निघतंय, आणि त्या बिचाऱ्याने तुमच्याकडून काहीच घेतलेलं नाही.

आता शिबिराबद्दल. इथे मी तुमच्या बाजूची आहे, आणि तुमच्या मुलाने हे पत्र वाचलं तर बरंच होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'निवड झाली' हा शब्द फार गोड आहे. अकॅडमीत जाऊन एकच विचारा: या शिबिरासाठी किती पोरांना नाही म्हणालात? दहा जणांतून दोन घेतले असतील तर ती निवड. ज्याच्या बापाने पैसे भरले तो गेला असेल, तर ती सहल आहे. सहल वाईट नसते, पण तिला सहलच म्हणावं आणि सहलीसाठी आईचे गुडघे किंवा बापाची एफडी लावू नये. सिनेमात आणि तुमच्या घरात हा पहिला मोठा फरक, आणि रडण्याच्या भरात तो कोणाच्या लक्षात आला नाही.

दुसरं, तेरा वर्षांच्या पोरापुढची पुढची पायरी लॉर्ड्स नसते. आधी जिल्हा, मग तुमच्याच भाषेत संभाग, मग राज्याचा वयोगटाचा संघ. सोळाखालच्यांसाठी विजय मर्चंट, एकोणिसाखालच्यांसाठी कूचबिहार, मग तेविसाखालच्यांसाठी आपल्या कर्नल साहेबांच्या नावाचा सी. के. नायडू करंडक, त्यानंतर रणजी. या प्रत्येक पायरीवर धावा आणि बळी मोजतात. इंग्लंडचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. हाडांची तपासणी करून खरं वय मात्र मागतात. तिकडे ड्यूक बनावटीचा चेंडू, ओलसर हवा, चेंडू दुपारपर्यंत हलत राहतो. आपल्याकडे रणजीत एसजी बनावटीचा चेंडू आणि उन्हात भाजून निघालेली खेळपट्टी. तीन आठवड्यांत पोरगं ड्यूक खेळायला शिकेल आणि परत येऊन नेहरू स्टेडियमच्या नेटमध्ये ते विसरेल. त्यापेक्षा त्याच पैशांतला दहावा हिस्सा खर्चून त्याच्या मापाची बरी इंग्लिश विलोची बॅट, नवे पॅड, आणि संपूर्ण मोसमभर चामड्याच्या चेंडूवर सामने मिळाले तर ते जास्त कामाचं. मोसमभर सामने, हे अधोरेखित करते. नेट म्हणजे सामना नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगू.

तुमचा मुलगा म्हणेल, आवेश खानच्या वडिलांचं पानाचं दुकान होतं, तेव्हा कुठे पैसे होते, जिद्द होती म्हणून भारताच्या संघात पोचला. खरं आहे. इंदूरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ही गोष्ट ऐकू येते. पण नीट पाहिलं तर ती तुमच्या बाजूची निघते; पानाच्या दुकानातून कोणी इंग्लंडच्या शिबिराचे पैसे भरले नव्हते. आणि आपलाच वेंकटेश अय्यर बी.कॉम., सी.ए.चा अर्धा रस्ता, मग एम.बी.ए. करत करत भारताच्या संघात गेला. तेराव्या वर्षी सगळं पणाला लावलं नाही तर गाडी सुटते, ही भीती अकॅडमीवाल्यांना फार सोयीची आहे. एक शंका मला राहून राहून येते, की मुलाला शिबिर हवंय ते पोरासाठी, की फ्लॅटच्या हप्त्यांमुळे आपण पोराला काही देऊ शकत नाही ही टोचणी घालवण्यासाठी? तसं असेल तर त्यालाही कोणीतरी मायेने जवळ घ्यायला हवं. तो दुष्ट नाही, तुमच्यासारखाच आहे. तुमचाच आहे.

क्रिकेटवाल्या चंद्रकांत पंडितांची गोष्ट तुमच्या घरात झालीच असेल. २०२२च्या जूनमध्ये मध्य प्रदेशने बंगळुरूत मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा इंदूरभर तीच चालू होती. त्याच मैदानावर १९९९ साली चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते, पहिल्या डावात आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी कर्नाटककडून हरले. तेवीस वर्षांनी तिथेच प्रशिक्षक म्हणून जिंकले आणि डोळ्यांत पाणी आलं. होळकरांच्या संघाने चारदा रणजी आणली होती, पण तो काळ तुमच्या वडिलांचा. आपल्या पिढीने पाहिली ती हीच एक. ही गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, बघा, अधुरं स्वप्न दुसऱ्याच्या हातून पुरं होतं. मला ती तशी दिसत नाही. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार या तिघांनी त्या अंतिम सामन्यात शतकं ठोकली. १९९९ साली ही पोरं एक तर पाळण्यात होती किंवा शाळेच्या उंबऱ्यावर. त्यांनी त्यांच्या धावा केल्या. पंडितांचं दुःख पंडितांनी स्वतः तेवीस वर्षं बाळगलं आणि मैदानात राहून, शिकवून, शिस्त लावून स्वतःच वळवलं. तुमचं दुःख माळ्यावर आहे. फरक तेवढाच.

म्हणून बॅट खाली काढा. आजच. नातवाला द्यायला नको. तिला आता भेगा पडल्या असतील आणि पन्नास वर्षांपूर्वीची बॅट आजच्या चेंडूपुढे टिकायचीही नाही. ती नुसती दाखवायला काढा. त्याला सांगा की मी खेळायचो, डावा होतो की उजवा, कोणत्या क्रमांकावर जायचो, चिमणबागेच्या मैदानावर कोणाचा चेंडू पायात बसायचा, संभागाच्या यादीत नाव आलेलं तुम्हाला कोणी येऊन सांगितलं. वडील गेल्याचंही सांगा, एका वाक्यात. 'आणि म्हणून तू...' असं एकही वाक्य त्यानंतर येता कामा नये. ते आलंच तर जीभ चावून गप्प बसा आणि त्याला पोहे-जिलेबी खायला घेऊन जा. माझा अनुभव असा, की या वयाच्या पोरांना म्हाताऱ्यांच्या त्यागात काडीचा रस नसतो, पण म्हातारा कधीतरी शून्यावर बाद झाला होता यात प्रचंड रस असतो.

आणि त्यालाही विचारा. पाच पानांत नातू काय म्हणतो ते कुठेच नाही. तो डावखुरा आहे आणि बरा खेळतो, एवढंच कळलं. जायचंय का त्याला? कदाचित नाचेल. कदाचित म्हणेल की मला तर मेमध्ये जिल्ह्याचे सामने खेळायचे होते, बाबा ऐकतच नाहीत. मला ठाऊक नाही, पण तुम्हाला तरी ठाऊक असायला हवं.

मुलाशी बोलताना वहिनी समोर हव्यात, चहा करायला आत गेलेल्या नकोत. तुम्ही म्हणा: शिबिराला पैसे देणार नाही, ते मला पटत नाही, ही कारणं. तुझ्या आईचे गुडघे या सुट्टीत करून घ्यायचे आहेत, कार्डावर झाले तर कार्डावर, नाही तर एफडीतून. आणि उरतील त्यातून पोराच्या मोसमाचं सामान मी घेईन, आणि दर रविवारी सामन्याला मी स्वतः जाईन. मग पुढचं वाक्य, जे तुम्हाला जड जाईल: मला थोडा हेवाही वाटला होता, तो आता वाटत नाही असं नाही, पण सांगून टाकलं. मुलगा बहुधा काही बोलणार नाही. आपल्याकडचे मुलगे अशा वेळी पंख्याकडे बघतात. बघू द्या.

वहिनी म्हणतील, 'अहो कशाला, माझं चालतंय.' हे वाक्य ऐकून तुम्ही एकदा पुढे गेला आहात. या वेळी जाऊ नका. सकाळी ओटल्याच्या पायऱ्या उतरताना त्या कठड्याला धरतात की भिंतीला, मांडी घालून शेवटचं कधी बसल्या, रात्री कूस बदलताना कण्हतात का, हे आठवडाभर नुसतं पाहा. माझी खात्री आहे की एक वर्ष निभेल हा हिशेब त्यांनी गुडघ्यांना विचारून केलेला नाही. त्यांनाही एखाद्या वर्षी काहीतरी हवं असेल. काशी, पंढरपूर, पुण्याच्या दिराकडे पंधरा दिवस, किंवा नुसतं सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत उभं राहून भुट्ट्याचा कीस खाणं, जे गेली कित्येक वर्षं जमत नसेल कारण तिथे बसायला जागा नसते. विचारून बघा.

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे वॉकर लागतो, फिजिओथेरपी चुकवून चालत नाही, आणि घरात सतत कोणीतरी लागतं. सूनबाई एकटीवर ते टाकू नका, नाहीतर कंसात नवीन बाई येऊन बसेल. सुट्टीत नातू घरीच असेल. सकाळी नेट, दुपारी आजीचा वॉकर. तो आजीकडून किती चकरा झाल्या याचा स्कोअर ठेवेल, पोरं असल्या गोष्टींत फार कडक अंपायर असतात.

पुण्याच्या भावाचं मात्र मी काही सांगत नाही. त्याला फोन करून '१९७३ साली मी' असं सुरू करावंसं वाटेल. तुमची मर्जी. मी असते तर वहिनींच्या ऑपरेशनची तारीख कळवायला फोन केला असता आणि तो काय म्हणतो ते ऐकलं असतं.

कार्डासाठी आधार लागतं, तुमचंही आणि वहिनींचंही. जन्मतारीख दोन्हींवर बरोबर आहे ना, ते आधी बघा. आपल्या वयाच्या लोकांच्या अर्ध्या कागदांवर एक जानेवारीच लिहिलेली असते. दोघं एकदमच जा, आणि रिक्षाने जा. त्यांना चालवू नका.

— ताई